बाटलीवर 'नाशिक' लिहिलंय. पण नाशिकमधलं नेमकं कुठलं?

परवा मुलुंडला एलबीएस रोडवरच्या एका वाईन शॉपमध्ये उभा होतो. (कोणी विचारायच्या आधीच सांगतो, मेहुण्याकडे जेवायला जायचं होतं.) तसं आपल्याकडे ज्याला 'वाईन शॉप' म्हणतात, तिथे वाईन सोडून बाकी सगळं जास्त विकलं जातं. पण हल्ली एक कपाट वाईनचंही असतं.

माझ्या पुढे तिशीतलं एक जोडपं होतं. मुलगी म्हणाली, "इटालियन व्हाईट दाखवा, ड्राय." दुकानदाराने पिनो ग्रिजोची बाटली काढली. किंमत आपल्या बाटलीच्या दुप्पट-तिप्पट. त्यांनी घेतली, गेले.

शेजारच्या फळीवर नाशिकच्या दोन व्हाईट होत्या. मी विचारलं, "या दोघींत फरक काय?"

दुकानदार म्हणाला, "साहेब, ही सातशेची, ती नऊशेची."

हे उत्तर तेव्हापासून डोक्यात फिरतंय. चूक त्याची नाही. बाटली हातात घेऊन मी दोन्ही बाजूंनी वाचली. कंपनीचं नाव होतं, द्राक्षाची जात होती, 'नाशिक' होतं. पण दिंडोरीचं की निफाडचं, की आणखी कुठल्या तालुक्यातलं, ते काही कळेना. मग फरक किमतीचाच सांगणार ना तो!

आधीच स्पष्ट करतो, ही पोस्ट प्या म्हणून सांगणारी नाही आणि पिऊ नका म्हणूनही नाही. घराघरात दारूने काय केलंय ते बातम्या लिहिताना मी भरपूर पाहिलंय. मुद्दा वेगळा आहे. आपल्याच जिल्ह्यातलं, आपल्याच शेतकऱ्याच्या बागेतलं पीक जेव्हा बाटलीत जातं, तेव्हा त्याची ओळख कोण ठेवतं, हा तो मुद्दा.

आता 'ड्राय' म्हणजे काय, ते सोपं करून सांगतो. ड्राय म्हणजे कोरडी नव्हे. द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर आंबताना संपली, गोडवा उरला नाही, ती ड्राय. गोडवा बऱ्याच चुका झाकतो. ड्राय व्हाईटमध्ये झाकायला फारसं काही नसतं. जमीन, हवा, द्राक्षाची जात, तोडणी कधी झाली, एका वेलीवर किती घड ठेवले, सगळं जिभेवर येतं. म्हणून प्रदेशाची ओळख तिथे लगेच कळते. आणि फसवणूकही.

इटलीचंच उदाहरण घ्या. व्हेरोना शहराच्या पूर्वेला सोआवे नावाचं गाव आहे. तिथे टेकड्यांवर, बऱ्याच ठिकाणी ज्वालामुखीच्या मातीत, गार्गानेगा नावाचं द्राक्ष होतं. त्याची व्हाईट हलकी, शेवटी बदामासारखी किंचित कडसर. इटलीने १९६३ मध्ये कायदा केला की अमुक गावाचं नाव लावायचं तर द्राक्ष तिथलंच हवं, जात ठरलेली हवी, उत्पादनाला मर्यादा हवी. १९६८ मध्ये सोआवेला तो दर्जा मिळाला.

आणि तिथेच घोळ झाला. नाव देताना टेकड्यांखालचं सपाट मैदानही हद्दीत घेतलं. मैदानात वेलीला भरपूर पाणी, एकरी उतारा जास्त, चव पातळ. अमेरिकेत माल धडाक्याने खपला. सत्तरच्या दशकात सोआवे म्हणजे स्वस्त, बेचव व्हाईट असं समीकरण झालं. नाव तेच, दर्जाही कागदावर तोच, पण आतली वस्तू बदलली.

काही घरं मात्र टेकडीवरच राहिली. पिएरोपान घराण्याने १९७१ पासून काल्व्हारिनो या एकाच बागेची वाईन वेगळी भरायला सुरुवात केली. आन्सेल्मी नावाच्या उत्पादकाने तर २००० च्या सुमारास 'सोआवे' हे नाव लावणंच सोडून दिलं. असं नाव माझ्या मालाला नको, म्हणाला! पुढे २०१९ मध्ये तिथल्या ३३ ठिकाणांची नावं लेबलवर लावायला अधिकृत मान्यता मिळाली. म्हणजे गेलेली अब्रू परत मिळवायला पन्नास वर्षं गेली, आणि ती मिळवली गावाचं नाव आणखी बारीक, आणखी नेमकं करून.

याच इटलीत १९८६ मध्ये भेसळखोरांनी वाईनमध्ये मिथेनॉल घातलं आणि वीसपेक्षा जास्त माणसं मेली. त्यामुळे इटालियन म्हटलं की सगळं शुद्ध, असं कोणी समजू नये. त्या जोडप्याने घेतलेली पिनो ग्रिजोही बहुतेक वेळा ईशान्य इटलीच्या सपाट पट्ट्यातली, मोठ्या प्रमाणावर निघणारी असते. वाईट नसते. पण खास तिची अशी ओळखही फार नसते. आपण दुप्पट पैसे मोजतो त्यात कर आहे, जहाजाचं भाडं आहे आणि 'इटालियन' हा शब्द आहे.

आता आपल्याकडे या.

नाशिकला हवा आहे, माती आहे. दरवर्षी थंडीत पेपरात बातमी असते ना, 'निफाडचा पारा घसरला'? कधी पाच-सहा अंशांपर्यंत. आपण मुलुंडला पंखा बारीक करून चादर ओढतो आणि तिकडे शेतकरी बागेत शेकोट्या पेटवतो. तीच थंडी वाईनसाठी सोनं आहे. दिवसा ऊन साखर भरतं आणि रात्रीचा गारठा आंबटपणा लवकर उतरू देत नाही. ड्राय व्हाईटचा जीव त्या आंबटपणात असतो. तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे इटलीच्या नेमकी उलट ऋतूत. एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा संपतानाची गोडी छाटणी, हे दोन छाटण्यांचं तंत्र आपल्या बागायतदाराने उष्ण हवेसाठी बसवलेलं. युरोपातल्या बागेत वर्षाला एकच छाटणी होते. म्हणजे आपली ओळख फक्त मातीची नाही, हाताचीही आहे.

इटलीशी धागेही आहेत. अकलूजला मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्की बंधू एकत्र आले आणि २००७ मध्ये 'फ्रातेल्ली' सुरू झाली. इटालियनमध्ये या शब्दाचा अर्थच 'भाऊ'. वाईन करायला टस्कनीहून पिएरो मासी आले. उसाच्या पट्ट्यात, माळशिरस तालुक्यात, शार्दने पिकतंय! निफाडजवळ कुंदेवाडीच्या 'रेवेलो'ने तर सिसिलीचं ग्रिलो हे पांढरं द्राक्ष लावून त्याची व्हाईट केली. ग्रिलो निफाडच्या थंडीत काय चव देतं, हे जगात दुसरीकडे कुठे कळणार?

सरकारनेही बरंच केलं. २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क झाले. 'नाशिक व्हॅली वाईन'ला २०१०-११ च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळालं. वाईनवर २० टक्के व्हॅट आहे, त्यातला १६ टक्के उत्पादकाला परत करण्याची योजना २००९ पासून चालली, मधे थांबली आणि २०२३ च्या अखेरीस मंत्रिमंडळाने ती पुन्हा पाच वर्षांसाठी मंजूर केली.

म्हणजे तुम्ही बाटली घेता तेव्हा भरलेल्या करातला मोठा भाग कारखान्याला परत जातो. सार्वजनिक पैसा आहे तो. त्याच्या बदल्यात आपण काय मागितलं?

आठवा जानेवारी २०२२. सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला मंत्रिमंडळाने परवानगी दिली आणि राज्यभर रान पेटलं. एक बाजू म्हणाली शेतकऱ्याचं भलं होईल. दुसरी म्हणाली महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र होईल. वाईन म्हणजे दारू की नाही यावर चॅनेलवाल्यांचे आठवडे गेले. निर्णय शेवटी अमलात आलाच नाही. पण बाटलीत कुठल्या तालुक्याचं द्राक्ष आहे आणि त्या शेतकऱ्याला किलोला काय मिळालं, हे विचारलेलं मला एकाही चर्चेत ऐकू आलं नाही.

हे मला लागतं, कारण माझं आजोळ निफाड तालुक्यातलं. मामांनी २००६ च्या सुमारास दोन एकर वाईनचं द्राक्ष लावलं. एका कंपनीचा माणूस घरी येऊन, चहा पिऊन, शब्द देऊन गेला होता. दोन हंगाम बरे गेले. मग मंदी आली, कंपनीने फोन उचलणं बंद केलं. वाईनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं. ते ना हातगाडीवर खपत, ना त्याचा धड बेदाणा होत. माल वेलीवर सुकला. मामांनी बाग काढली. त्या काळात त्यांच्यासारख्या अनेकांनी काढल्या. मामी आजही म्हणते, "पोरासारखी वाढवली होती रे."

मामांच्या द्राक्षाचं नाव कुठल्याच बाटलीवर नव्हतं. गावाचंही नव्हतं. म्हणून ती बाग गेली तेव्हा मुंबईतल्या एकाही गिऱ्हाइकाला काही कमी झाल्याचं जाणवलं नाही. गावाचं नाव लेबलवर असतं, तर कंपनीला ते गाव इतक्या सहज सोडता आलं नसतं. सोआवेच्या टेकडीवरच्या शेतकऱ्याला तेच तर मिळालं. त्याची टेकडी सोडून ती वाईन दुसरीकडे करताच येत नाही.

कोणी म्हणेल, लहान उद्योग आहे, नियम लादले तर मरेल. पण ऑस्ट्रेलियाशी झालेला करार डिसेंबर २०२२ पासून लागू आहे, तिथल्या वाईनवरचा आयात कर टप्प्याटप्प्याने उतरतोय. युरोपवालेही कित्येक वर्षं हेच मागत होते. परदेशी बाटली स्वस्त झाली की 'आमची स्वस्त आहे' हे सांगून भागणार नाही. तेव्हा सांगायला ओळखच लागेल, आणि ती एका रात्रीत तयार होत नाही.

माझ्या मते तीन गोष्टी व्हाव्यात. एक, ज्या कारखान्याला व्हॅट परतावा हवा, त्याने लेबलवर द्राक्षाची जात, तोडणीचं वर्ष आणि तालुका लिहावा. दोन, शेतकऱ्याशी लेखी करार असावा, आणि भाव नुसत्या वजनावर नको, कमी उताऱ्याच्या चांगल्या मालाला जास्त मिळावा. नाहीतर तो घड कमी का ठेवेल? तीन, मानांकनाची तपासणी कोण करतं, केव्हा करतं, हे सगळ्यांना पाहता यावं.

यातलं काहीही केल्याने कोणी जास्त पिणार नाही. उलट जो घेईल त्याला कळेल, आपण कशाचे पैसे देतोय.

मेहुण्याकडे मी शेवटी ती सातशेची नेली. चांगली होती, स्वच्छ, लिंबासारखी आंबटसर. मामांना फोन करून सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "कुठल्या शिवारातली?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुमच्यापैकी कोणाचे नातेवाईक निफाड, दिंडोरी, पलूस, माळशिरसकडे वाईनचं द्राक्ष लावत असतील तर अनुभव खाली जरूर लिहा. कंपनीचं नाव नको, भाव आणि वर्ष लिहा. आणि पुढच्या वेळी दुकानात गेलात तर एकदा विचारून बघा, ही कुठल्या तालुक्यातली? दहा जणांनी विचारलं की अकराव्याला उत्तर मिळतं.