चढ शोधा, पण उतारही धावा

डोंगराळ शर्यतीत नाव नोंदवायला दोन मिनिटं लागतात. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो: सरावाला डोंगर आणायचा कुठून? माझ्या वहिनीने यंदा सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये नाव दिलंय आणि सध्या म्हैसूरच्या आमच्या घरात चहाच्या वेळी हाच विषय असतो. सातारा तिचं माहेर. यवतेश्वरचा घाट तिने लहानपणापासून गाडीच्या खिडकीतून पाहिलाय. एकदा तो स्वतःच्या पायांनी चढायचा, एवढंच तिला हवंय. आईची काळजी वेगळीच: "अगं, सरावातच गुडघे गेले तर शर्यत कशी करशील?"

आईचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. उत्तर मात्र आहे.

आधी शर्यत समजून घेऊ. २०१२ पासून होणारी ही २१ किलोमीटरची शर्यत साताऱ्यातून निघते, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागते आणि त्याच वाटेने परत येते. म्हणजे ढोबळमानाने पहिला अर्धा चढ, दुसरा अर्धा उतार. दम आधी लागतो, मांड्यांची परीक्षा नंतर असते. आपण सरावासाठी चढ शोधतो आणि उतार विसरतो, गडबड तिथेच होते.

म्हैसूरमध्ये चढ कुठे आहे?

शहर तसं सपाट. धावणाऱ्यांची आवडती जागा म्हणजे कुक्करहळ्ळी तलाव. आर. के. नारायण फिरायला जायचे तोच. झाडं, पक्षी, मातीची वाट, सगळं छान, पण चढ नाही.

चढासाठी चामुंडी टेकडी. माथा शहरापासून साधारण ३०० मीटर उंच आहे. वर जायला दोन वाटा. एक पायऱ्यांची: हजाराच्या आसपास पायऱ्या, सतराव्या शतकात दोड्ड देवराज वडेयर यांच्या काळात बांधलेल्या. सुमारे ७०० पायऱ्या चढल्या की एकाच दगडातून कोरलेला प्रचंड नंदी भेटतो. दुसरी वाट गाड्यांच्या डांबरी रस्त्याची.

बहुतेक जण पायऱ्यांनाच सराव मानतात. पायऱ्यांनी मांड्या आणि हृदय तयार होतं, हे खरं. पण पायरीवर पाऊल सपाट पडतं. घाटात रस्ताच तिरका असतो, त्यामुळे पोटरी आणि टाचेमागची शीर प्रत्येक पावलाला ताणली जाते. तो ताण पायऱ्यांवर तसा येत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी डांबरी चढ हवाच.

उताराचं गणित

चढताना स्नायू आखडून जोर लावतात. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना उलटं काम असतं: ताणले जात असतानाच शरीराचं वजन रोखून धरायचं, जणू सतत ब्रेक दाबून ठेवल्यासारखं. सवय नसेल तर त्यात स्नायूंना बारीक इजा होते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढतं. रविवारी धावलेली बाई सोमवारी सकाळी जिना उतरताना कठडा धरते ती यामुळेच. घरात सहा वर्षांचं मूल असेल, आठच्या आत त्याला स्कूलबसपर्यंत पोहोचवायचं असेल, तर हे दुखणं एकटीचं राहत नाही, सगळं घर लंगडतं.

चांगली गोष्ट अशी की स्नायू हे लवकर शिकतात. एकदा थोडा उतार धावलं की पुढच्या वेळी दुखणं बरंच कमी होतं, आणि हा फायदा काही आठवडे टिकतो. म्हणून उतार औषधासारखा घ्यायचा: थोडा, पण नियमित. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स मॅरेथॉन साधारणपणे एका वर्षी चढाच्या दिशेने आणि पुढच्या वर्षी उताराच्या दिशेने धावतात. अनेक अनुभवी धावपटू सांगतात की पायांचे हाल उताराच्या वर्षी जास्त होतात.

वहिनीचा आठवडा

मंगळवारी छोटा चढ. यासाठी टेकडी लागत नाही, दीडशे-दोनशे मीटरचा तिरका रस्ता पुरतो. एक मिनिट चढ धावायचं, चालत खाली यायचं. असं सहा वेळा. गुरुवारी तलावाकाठी आरामात धावणं. रविवारी चामुंडी: एका आठवड्यात पायऱ्या, दुसऱ्यात डांबरी रस्ता. पायऱ्यांच्या दिवशी खाली धावत यायचं नाही, बसने यायचं. गुडघ्यांना दणके तिथेच बसतात. रस्त्याच्या दिवशी मात्र उतारही धावायचा. सुरुवातीला एक किलोमीटर, मग हळूहळू वाढवत.

चढताना घड्याळ बघू नका, श्वास बघा. एखादं वाक्य बोलता आलं पाहिजे. पावलं लहान, नजर पुढच्या काही फुटांवर. उतारावरही पावलं लहानच, पण भरभर. टाच पुढे टाकून ब्रेक मारू नका. शेवटचे दोन आठवडे मोठा उतार बंद.

टेकडीच्या जंगलात बिबट्याचा वावर आहे. म्हणून उजाडल्यावरच आणि सोबतीनेच निघायचं. आषाढातले शुक्रवारही टाळायचे. त्या दिवशी दर्शनाला प्रचंड गर्दी असते आणि कितीतरी बायका एकेका पायरीला हळदीकुंकू लावत वर चढतात. तेव्हा पायऱ्या त्यांच्या. आपल्याकडे त्याच सुमारास वारकरी दिवे घाट चढतात. डोक्यावर तुळस घेतलेल्या आज्याही असतात. "या वयात डोंगर कशाला?" असं कुणी विचारलं, तर त्यांच्याकडे बोट दाखवावं. बेताची चाल आणि सवय, याच्या जोरावर त्या वर पोहोचतात.

तुमच्या गावात?

पुण्यात पर्वती, वेताळ टेकडी आणि सुट्टीच्या दिवशी सिंहगड. मुंबईत मलबार हिल आणि पेडर रोड, ठाण्यात येऊर. नाशिकला पांडवलेणी, नागपूरला सेमिनरी हिल्स, कोल्हापूरकरांना पन्हाळा. काहीच नसेल तर सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प बघा, गाड्यांची वर्दळ नसताना. बाळंतपण नुकतंच झालं असेल किंवा गुडघा आधीच दुखत असेल, तर डॉक्टरांशी बोलूनच सुरुवात करा.

एक चढ मात्र घरातच असतो: रविवारचे दोन तास. आमच्याकडे त्या सकाळी भाचा आणि नाश्ता दादाकडे असतो. पोहे कधी कोरडे होतात, कधी तिखट. वहिनी परत येते तेव्हा ताट तयार असतं, आणि हल्ली आई गुडघ्यांविषयी विचारण्याआधी विचारते, "आज उतार किती झाला?"