नमुना कशाने धरला होता?

आमच्याकडे येणाऱ्या लेखांत आयनांची ऊर्जा असते, माऱ्याचा कोन असतो, एकूण मात्रा असते. नमुना कोणत्या धातूच्या चापाने धरला होता, हे क्वचितच असते. या अंकापासून ते आम्ही विचारणार आहोत.

नावेझ, सेला आणि शापेरो यांनी १९६२ साली आयनमाऱ्याने काचेवर उमटलेल्या लहरींची नोंद केली. १९८८ साली ब्रॅडली आणि हार्पर यांनी सिगमंड यांच्या सिद्धान्ताच्या आधारे त्यांची संगती लावली. आयन आपली ऊर्जा पृष्ठभागाच्या जरा खाली सोडतो. ती उंचवट्याच्या माथ्यापेक्षा खळग्याच्या तळाला जास्त पोचते, म्हणून खळगा अधिक झिजतो. पृष्ठभागावर सरकणारे अणू बारीक खाचा बुजवत राहतात. या ओढाताणीतून लहरींची लांबी ठरते. मांडणी इतकी देखणी, की आपल्यापैकी अनेकांनी ती वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवली.

पण तिच्या हिशेबाने लंब माऱ्यातही पृष्ठभागावर नक्षी उठायला हवी. १९९९ साली फास्को आणि सहकाऱ्यांना गॅलियम अँटिमोनाइडवर ४२० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आर्गॉन आयनांनी षट्कोनी मांडणीतले ठिपके मिळाले. तिथे मुळातच दोन मूलद्रव्ये आहेत आणि ती सारख्या वेगाने झिजत नाहीत, म्हणून ती या मांडणीची निर्णायक कसोटी नव्हती. पुढे शुद्ध सिलिकॉनवरही ठिपके दिसू लागले, आणि प्रश्न मिटल्यासारखा वाटला.

तो मिटला नव्हता. २००५ साली ओझायदिन आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉनवर लंब मारा दोन्ही प्रकारे करून पाहिला: मॉलिब्डेनमचे अणू पोचत असताना ठिपके उठले, ते नसताना पृष्ठभाग गुळगुळीत राहिला. २०१० साली माको आणि सहकाऱ्यांनी अतिनिर्वातात २ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या क्रिप्टॉन आयनांनी स्वच्छ सिलिकॉन तपासले. ५५ अंशांपर्यंत ठसठशीत नक्षी उठली नाही. शेजारी स्टेनलेस स्टील झिजू दिले, की ती उठली. आयनांच्या धक्क्याने अणू बाजूला ढकलले जातात आणि लहान कोनांवर त्याने पृष्ठभाग सपाट होतो, हे कार्टर आणि विष्ण्याकोव्ह यांनी १९९६ सालीच मांडले होते. त्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही, याची खंत वाटते.

चापासारख्या आजूबाजूच्या भागांतला धातूही माऱ्यात झिजून नमुन्यावर पोचू शकतो. म्हणून लेखकांनी चापाचा आणि नमुन्याखालच्या पट्टीचा धातू, आयनस्रोताच्या जाळ्या कशाच्या आहेत आणि झोत नमुन्यापेक्षा किती रुंद होता, हे लिहावे. सिलिकॉनवरचे लोह किंवा मॉलिब्डेनम रुदरफोर्ड बॅकस्कॅटरिंगने मोजता येते; सोय असेल तिथे ते मोजावेच. आणि मारा करूनही सपाट राहिलेल्या नमुन्यांची आकडेवारी कपाटात ठेवू नका. तिच्यासाठी पुढच्या अंकापासून वेगळी पाने राखली आहेत.