विश्लेषण : अमेरिकेला बगराम हवाई तळ पुन्हा का हवा आहे?

अफगाणिस्तानातील बगराम हवाई तळ परत मिळवण्याचा प्रयत्न सुरू असल्याचे अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी १८ सप्टेंबर २०२५ रोजी ब्रिटन दौऱ्यात सांगितले. दोनच दिवसांनी त्यांनी समाजमाध्यमावर इशारा दिला, की तळ परत न दिल्यास वाईट गोष्टी घडतील. तालिबानने ही मागणी साफ फेटाळली. चार वर्षांपूर्वी रातोरात सोडलेला हा तळ अमेरिकेला पुन्हा हवासा का वाटतो आणि तो परत मिळवणे खरेच शक्य आहे का, याविषयी…

बगराम नेमके कुठे आहे?

काबूलच्या उत्तरेला सुमारे ५० किलोमीटरवर, परवान प्रांतात, समुद्रसपाटीपासून जवळपास दीड हजार मीटर उंचीवर हा तळ आहे. चहूबाजूंनी डोंगर आणि मध्ये सपाट मैदान. उत्तरेकडून हिंदुकुश ओलांडून येणारा सालंग खिंडीचा रस्ता याच मैदानात उतरतो आणि पुढे काबूलला जातो. पंजशीर खोऱ्याचे तोंडही जवळच आहे. म्हणजे बगराम ज्याच्या हाती, त्याला काबूलच्या उत्तरेच्या वाटेवर नजर ठेवता येते. हे महत्त्व आजचे नाही. कुशाण काळातील कपिशी हे नगर याच परिसरात होते. १९३०च्या दशकात फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना तिथे भारतीय शैलीची हस्तिदंती शिल्पे, रोमन काचपात्रे आणि चिनी लाखकामाच्या वस्तू एकत्र सापडल्या. व्यापाराचे रस्ते इथे मिळत होते, त्याचाच हा पुरावा.

सोव्हिएत फौजांनी तळ कसा वापरला?

हा विमानतळ १९५०च्या दशकात सोव्हिएत संघाच्या मदतीने उभा राहिला. शीतयुद्धात अफगाणिस्तान दोन्ही महासत्तांशी संबंध राखून होता. त्यामुळे डिसेंबर १९५९ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष आयसेनहॉवर यांचे विमानही बगरामलाच उतरले होते. बरोबर २० वर्षांनी, डिसेंबर १९७९ मध्ये, याच धावपट्टीवर सोव्हिएत छत्रीसैनिक उतरले आणि काबूलची सत्ता उलथवण्यात आली. पुढे पंजशीरमधील मुजाहिदीनांवरील हल्ल्यांसाठी हा तळ वापरला गेला. फेब्रुवारी १९८९ मध्ये सोव्हिएत सैन्य परतले. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात तालिबान आणि नॉर्दर्न अलायन्स यांच्यातील आघाडीची रेषा या तळापाशी येऊन थांबली होती आणि धावपट्टीची दैना झाली होती.

अमेरिकेच्या २० वर्षांत काय घडले?

२००१च्या अखेरीस अमेरिका आणि मित्रदेशांच्या फौजा बगरामला आल्या. नंतर इथे अवजड मालवाहू विमानांसाठी साडेतीन किलोमीटरहून लांब दुसरी धावपट्टी बांधली गेली. रुग्णालय, गोदामे, निवास, खाद्यपदार्थांची दुकाने असे छोटे शहरच वसले. परिसरातील अनेक कुटुंबांची रोजीरोटी या तळावर चालू लागली.

याच तळावर तुरुंगही होता. डिसेंबर २००२ मध्ये तिथे दोन अफगाण कैद्यांचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्यातील एक साधा टॅक्सीचालक होता. हे मृत्यू म्हणजे हत्या असल्याची नोंद अमेरिकी लष्कराच्याच शवचिकित्सेत झाली. फेब्रुवारी २०१२ मध्ये तळावर कुराणाच्या प्रती जाळल्या गेल्याचे उघड झाले आणि देशभर उसळलेल्या हिंसाचारात ३०हून अधिक जणांचा बळी गेला. त्यामुळे अमेरिकेच्या दृष्टीने जो सामर्थ्याचा तळ, तो अनेक अफगाणांच्या आठवणीत अपमानाची जागा आहे. तालिबानच्या आजच्या नकाराला देशात सहज पाठिंबा मिळतो, त्यामागे हेही कारण आहे.

तळ सोडला कसा?

ट्रम्प यांच्याच पहिल्या कार्यकाळात, २९ फेब्रुवारी २०२० रोजी, दोहा करार झाला. त्यात सर्व परदेशी फौजा १४ महिन्यांत मागे घेण्याचे ठरले. पुढे बायडेन प्रशासनाने मुदत वाढवून माघार पूर्ण केली. जुलै २०२१च्या सुरुवातीला अमेरिकी सैनिक रात्रीत बगराम सोडून गेले. नव्या अफगाण कमांडरला ते काही तासांनी कळले, तोवर तळावर लूटही सुरू झाली होती. १५ ऑगस्टला तालिबान आले आणि तुरुंगातील हजारो कैदी सुटले. २६ ऑगस्टला काबूल विमानतळावरील आत्मघाती हल्ल्यात १३ अमेरिकी सैनिक आणि सुमारे १७० अफगाण नागरिक ठार झाले. हा हल्लेखोर बगरामच्या तुरुंगातूनच सुटला होता, असे नंतर अमेरिकी अधिकाऱ्यांनी सांगितले. बगराम हाती ठेवून तिथूनच लोकांना बाहेर काढायला हवे होते, ही टीका तेव्हापासून अमेरिकेच्या राजकारणात सुरू आहे.

चीनचा मुद्दा कितपत खरा?

चीन जिथे अण्वस्त्रे बनवतो, तिथून बगराम तासाभराच्या अंतरावर आहे, असे ट्रम्प म्हणतात. वाखान पट्टीच्या टोकाला अफगाणिस्तानची जेमतेम ७५ किलोमीटरची सीमा चीनला भिडते. शिनजियांगमधील लोप नूर हे जुने अणुचाचणी क्षेत्र बगरामपासून सुमारे दोन हजार किलोमीटरवर आहे. टेहळणीसाठी ही जागा सोयीची आहे, यात शंका नाही. मात्र उपग्रहांमुळे त्यासाठी धावपट्टीची गरज पूर्वीइतकी उरलेली नाही. शिवाय जे अंतर अमेरिकी विमानांसाठी कमी, ते चिनी क्षेपणास्त्रांसाठीही कमीच. बगराम चीनच्या ताब्यात असल्याचा ट्रम्प यांचा दावा तालिबानने फेटाळला आहे.

तळ परत घेणे शक्य आहे का?

बळाने घ्यायचा तर ते दुसरे आक्रमणच ठरेल. त्यासाठी दहा हजारांहून अधिक सैनिक लागतील, असा अंदाज अमेरिकी अधिकाऱ्यांच्या हवाल्याने प्रसिद्ध झाला आहे. पण खरा प्रश्न ताबा टिकवण्याचा आहे. अफगाणिस्तानला समुद्र नाही. इंधन, दारूगोळा, धान्य सारे शेजारी देशांतून न्यावे लागते. नोव्हेंबर २०११ मध्ये सलाला येथील हवाई हल्ल्यात २४ पाकिस्तानी सैनिक मारले गेले, तेव्हा पाकिस्तानने रस्ता सात महिने बंद ठेवला. त्या वेळी रशिया आणि मध्य आशियातून जाणारा उत्तरेचा पर्यायी मार्ग कामी आला. आज युक्रेन युद्धानंतर रशिया तो देण्याची शक्यता नाही. इराणचा प्रश्नच येत नाही. तालिबानचे लष्करप्रमुख फसीहुद्दीन फितरत यांनी इंचभर जमिनीवरही करार होणार नसल्याचे बजावले आहे. अफगाणिस्तानला बळाची धमकी न देण्याच्या दोहा करारातील अमेरिकेच्या हमीचीही तालिबान आठवण करून देतात.

भारताची भूमिका काय?

७ ऑक्टोबर २०२५ रोजी मॉस्कोत झालेल्या बैठकीनंतरच्या संयुक्त निवेदनात अफगाणिस्तान आणि शेजारी देशांत परदेशी लष्करी सुविधा उभारण्यास विरोध करण्यात आला. त्यात बगरामचे नाव नव्हते, पण रोख स्पष्ट होता. तुर्कमेनिस्तान वगळता अफगाणिस्तानचे सर्व शेजारी त्यात होते आणि चीन व पाकिस्तानच्या जोडीला भारतही होता. त्याच आठवड्यात तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्ताकी दिल्लीत आले आणि काबूलमधील तांत्रिक कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा देण्याचे भारताने जाहीर केले.

यामागे हिशेब आहे. अमेरिका बगरामला परतली तर तिला पाकिस्तानचा रस्ता लागेल आणि इस्लामाबादचे महत्त्व पुन्हा वाढेल. भारताला ते परवडणारे नाही. परक्या भूमीवरील तळाच्या मर्यादा भारतालाही ठाऊक आहेत. ताजिकिस्तानातील आयनी विमानतळाच्या विकासासाठी भारताने मोठा खर्च केला, पण करार संपल्यावर २०२२ मध्ये तो यजमान देशाच्या हवाली करावा लागला. बगरामची धावपट्टी सोव्हिएत आणि अमेरिकी पैशांतून बांधली गेली असली, तरी तिथे कोण उतरणार हे आज काबूल आणि त्याचे शेजारी ठरवत आहेत.