पडद्यावरचा तपास आणि निसटलेले दुवे

एप्रिल २०२५ मध्ये ‘सीआयडी’ या हिंदी मालिकेतील एसीपी प्रद्युम्न यांचा मृत्यू झाला. वाहिनीने या काल्पनिक पोलीस अधिकाऱ्याला एखाद्या सत्पुरुषास वाहावी तशी रीतसर श्रद्धांजली वाहिली; चाहत्यांनी शोक केला, संताप व्यक्त केला. त्यांच्या जागी दुसरा अधिकारी आला. पुढे काही आठवडे लोटले असतील नसतील, तोच मृत एसीपी पुन्हा आपल्या खुर्चीत येऊन बसले आणि हवेत बोटे फिरवीत संशय घेऊ लागले. ज्या पथकाने सत्तावीस वर्षांत हजारांहून अधिक मृतदेहांची ओळख पटवली, त्याला आपल्याच वरिष्ठाचा मृत्यू खरा की खोटा हे ठरवता येऊ नये, हा विनोद कोणा टीकाकाराने रचलेला नाही. तो मालिकेनेच रचला आहे.

अशा विसंगती हुडकून काढणे हा आता घराघरांतला छंद झाला आहे. संशयिताच्या डाव्या गालावरची जखम पुढच्या दृश्यात उजव्या गालावर जाते, रात्री अकराला निघालेली गाडी भर उन्हात पोहोचते, अर्धा रिकामा पाण्याचा पेला न भरता भरतो. शाळकरी मुलेसुद्धा हे पाहतात आणि हसतात. हसण्यात गैर काही नाही. मात्र सगळ्या चुका एका मापाने मोजण्याची आपली सवय चुकीची आहे. काही चुका निव्वळ हातून निसटलेल्या असतात, काही धंद्याच्या रीतीतून अपरिहार्यपणे उद्भवतात, आणि काही मात्र चुका म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाहीत. खरी चिंता या शेवटच्या वर्गाची करावयास हवी.

पहिल्या वर्गाबद्दल फार बोलण्याचे कारण नाही. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नसते. एका दिवाणखान्यात घडणारे सगळे प्रसंग, मग ते कथेत पंधरा दिवसांच्या अंतराने का असेनात, एकाच दिवशी उरकले जातात. कोणत्या पात्राच्या अंगावर कोणता सदरा होता, घड्याळात किती वाजले होते, पट्टी कोणत्या हाताला होती, याची नोंद ठेवणारा एक साहाय्यक असतो. घाईत त्याची नजर चुकते, इतकेच. याच ‘सीआयडी’ने ७ नोव्हेंबर २००४ रोजी ‘द इनहेरिटन्स’ हा १११ मिनिटांचा भाग दाखवला होता. तो कोठेही न तोडता एकाच सलग दृश्यात चित्रित केलेला होता आणि त्याची विक्रम म्हणून नोंद झाली. जिथे कापणेच नाही तिथे सांधा चुकण्याचा प्रश्नही नाही. सांध्यांबद्दल जिची सर्वाधिक थट्टा होते, त्याच मालिकेच्या नावावर बिनसांध्याचा विक्रम असावा, हे मोठे गमतीचे आहे. शिवाय या बाबतीत थोरही सुटलेले नाहीत. शेरलॉक होम्सच्या पहिल्या कथेत डॉक्टर वॉटसनच्या खांद्यात लागलेली गोळी दुसऱ्या कथेत पायात उतरली. आणि तरीही शंभर वर्षांहून अधिक काळ वाचक त्या जोडीवर लुब्ध आहेत.

दुसऱ्या वर्गातील चुका कथानकाच्या असतात, आणि त्यांचे मूळ लेखकाच्या बुद्धीपेक्षा मालिकेच्या अर्थकारणात शोधावे लागते. दूरदर्शनच्या काळात मालिका बहुधा तेरा भागांची असे. बासू चटर्जी यांनी १९९३ मध्ये ‘ब्योमकेश बक्षी’ सादर केली तेव्हा त्यांच्यापुढे शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या पूर्ण झालेल्या कथा होत्या. खुनी कोण हे पहिल्या दृश्यापासून दिग्दर्शकास ठाऊक होते, म्हणून पहिल्या दृश्यातली खूण शेवटच्या दृश्यात उपयोगी पडत होती. रहस्यकथा ही शेवटाकडून सुरुवातीकडे लिहावयाची वस्तू आहे. आजची दैनंदिन मालिका मात्र शेवट ठाऊक नसताना सुरू होते आणि प्रेक्षकसंख्येचे आकडे सांगतील तोवर चालते. आकडे चढले की मेलेला खलनायक जिवंत होतो. उतरले की निष्पाप शेजारी एका रात्रीत कटाचा सूत्रधार ठरतो.

मराठीत याचे ठळक उदाहरण ‘देवमाणूस’ हे आहे. वाई परिसरातील २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या हत्यासत्राशी जिचे नाते सर्वत्र सांगितले गेले, ती ही मालिका ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली, वर्षभर चालली आणि कमालीची लोकप्रिय झाली. साहजिकच डिसेंबर २०२१ मध्ये तिचा दुसरा भाग आला आणि २०२५ मध्ये ‘मधला अध्याय’ या नावाने तिसरा. मधला अध्याय सर्वांत शेवटी लिहिला जातो, यातच या प्रकारच्या कथारचनेचे सारे गुपित आले. ज्या गावात एकामागून एक माणसे नाहीशी होतात, त्या गावाला कित्येक महिने संशयही येत नाही. कारण संशय आला तर मालिका संपेल! गावकऱ्यांचे हे आंधळेपण कथेच्या गरजेचे नव्हते, वेळापत्रकाच्या गरजेचे होते. एप्रिल २०२१ मध्ये महासाथीमुळे राज्यात चित्रीकरण थांबले तेव्हा अनेक मराठी मालिकांनी गोव्याची वाट धरली आणि त्यांतील कुटुंबे काही ना काही निमित्ताने एकाएकी समुद्रकिनारी राहावयास गेली, हेही प्रेक्षकांनी समजून घेतलेच. पोटापाण्याच्या प्रश्नापुढे तर्कशास्त्राचा आग्रह कोणी धरू नये.

आता तिसरा वर्ग. येथे पडद्यावरून थोडे खाली, जमिनीवर उतरावे लागेल.

सोलापूरहून तुळजापूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर तामलवाडी हे गाव आहे. कोजागिरीच्या सुमारास तुळजाभवानीच्या दर्शनासाठी सोलापूरकडून पायी निघालेल्या भक्तांचे लोंढे या गावावरून जातात. एरवी टोलनाका आणि पोलीस ठाणे या दोन गोष्टींनी प्रवाशांस ते ठाऊक असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये या ठाण्याचे नाव राज्यभर झाले. त्याच्या हद्दीत मेफेड्रोन या अमली पदार्थाच्या पुड्यांसह काही जण पकडले गेले, तपासाचे धागे थेट तुळजापूर या तीर्थक्षेत्रापर्यंत पोहोचले, आरोपींची यादी लांबत गेली आणि देवीच्या नगरीत हा व्यवहार चालतो या बातमीने महाराष्ट्र अस्वस्थ झाला. प्रकरण न्यायालयापुढे असल्याने आरोपींविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. म्हणावयाचे आहे ते अशा प्रकरणाच्या तपासाविषयी.

समजा, हाच प्रसंग पडद्यावर घडला असता. टोलनाक्यावर गाडी अडते, रुबाबदार अधिकारी खाली उतरतो, संशयिताच्या खिशात हात घालतो, पुडी वर काढतो, चिमूटभर पूड जिभेवर ठेवून पदार्थाचे नाव सांगतो, एक थप्पड लगावतो. आरोपी टोळीप्रमुखाचे नाव ओकतो आणि जाहिरात लागते. प्रेक्षक समाधान पावतो. या दृश्यात जखम गाल बदलत नाही, पेला आपोआप भरत नाही, घड्याळही बरोबर चालते. सांध्यांच्या दृष्टीने दृश्य निर्दोष आहे. आणि तरीही कायद्याच्या दृष्टीने त्यात एकही पाऊल सरळ पडलेले नाही.

अमली पदार्थविरोधी १९८५ च्या कायद्याचे ५० वे कलम सांगते की, अंगझडती घेण्यापूर्वी संशयितास राजपत्रित अधिकारी वा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती होण्याचा त्याचा हक्क समजावून दिला पाहिजे. हा केवळ उपचार नव्हे. हक्काची ही जाणीव देणे तपास अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांनी १९९९ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये सांगितलेले आहे. पुडी पंचांसमक्ष मोहोरबंद व्हावी लागते, नमुने विहित रीतीने घ्यावे लागतात आणि पदार्थ कोणता हे अधिकाऱ्याची जीभ नव्हे, प्रयोगशाळेचा अहवाल ठरवतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेनुसार झडती आणि जप्तीचे चित्रीकरणही करावयाचे आहे. राहिली थप्पड आणि तिच्यातून निघालेली कबुली. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम इंग्रजांनी १८७२ मध्ये घातला आणि २०२३ च्या नव्या साक्ष अधिनियमानेही तो कायम ठेवला. पोलिसाच्या काठीवर परक्या सरकारनेही जो विश्वास टाकला नाही, तो आमचा प्रेक्षक रोज रात्री निःशंकपणे टाकतो.

‘सीआयडी’तील प्रयोगशाळेचीही अशीच कथा आहे. तेथे एकच डॉक्टर शवविच्छेदन करतो, विष ओळखतो, बंदुकीची गोळी जुळवतो आणि डीएनएचा निष्कर्षही हातोहात देतो. प्रत्यक्षात शवविच्छेदन सरकारी रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी करतात. व्हिसेरा, कपडे, शस्त्र हे सारे कलिना, पुणे, छत्रपती संभाजीनगर येथील न्यायसहाय्यक प्रयोगशाळांकडे जाते आणि त्यांचे निरनिराळे विभाग आपापल्या क्रमाने अहवाल पाठवतात. मालिकेच्या नावापासूनच घोळ आहे. राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाचे मुख्यालय पुण्यात आहे, आणि सहायक पोलीस आयुक्त हे पद आयुक्तालयाच्या व्यवस्थेतले आहे. ते पद वीस वर्षे न बढता न बदलता भोगणे कोणत्याही सरकारी नोकरास साधलेले नाही! हे सगळे क्षम्य म्हणता येईल. परंतु खुन्याला पाहताच ‘तुला आता फाशी होणार’ असे त्याच अधिकाऱ्याने बजावणे मुळीच क्षम्य नाही. फाशी पोलीस देत नाही. सत्र न्यायालय देते, तेही १९८० च्या बचनसिंग निकालापासून विरळातल्या विरळ प्रकरणात, आणि उच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केल्याखेरीज ती अमलात येत नाही. मालिकेत जिथे कथा संपते तिथे खऱ्या खटल्यास आरंभही झालेला नसतो.

यावर कोणी म्हणेल की, करमणुकीकडे कायद्याचे पाठ्यपुस्तक म्हणून पाहू नये. आक्षेप मान्य आहे, पण अर्धाच. अमेरिकेत २००० मध्ये ‘सीएसआय’ ही मालिका सुरू झाल्यानंतर पंच म्हणून बसलेले नागरिक प्रत्येक खटल्यात वैज्ञानिक पुराव्याची अवास्तव अपेक्षा करू लागले, अशी तक्रार तेथील सरकारी वकिलांनी केली. ती कितपत खरी यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. आपल्याकडे नानावटी खटल्यानंतर ज्यूरीची पद्धत लयास गेली, म्हणून आपण निश्चिंत आहोत असे समजणे भोळेपणाचे ठरेल. आपल्याकडे सामान्य माणूस पंचनाम्यावर सही करतो, साक्षीदार म्हणून उभा राहतो, फिर्याद देतो. महामार्गावरच्या गावात तर हॉटेलवाला, पंक्चर काढणारा, टोलनाक्यावरचा कर्मचारी यांपैकी कोणावर कधी पंच होण्याची पाळी येईल याचा नेम नसतो. वाचल्यावाचून सही करणारा पंच दोन-चार वर्षांनी न्यायालयात ‘मला काही आठवत नाही’ म्हणतो आणि आरोपी सुटतो. मग गाव म्हणते, पोलिसांनी तिथेच चोपायला हवे होते. पडद्याने शिकवलेले हेच ते शास्त्र.

त्या शास्त्राची किंमत मराठवाड्याने मोजलेली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत अटक झालेला एक तरुण न्यायालयीन कोठडीत मरण पावला. पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवावा असा आदेश २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठास द्यावा लागला. अटकेच्या वेळी काय करावे आणि काय करू नये हे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात १९९६ मध्येच सांगून ठेवले होते. या घटनेचे खापर कोणत्याही मालिकेवर फोडता येणार नाही. पण थप्पड हे तपासाचे साधन आहे असे ज्या समाजाला वर्षानुवर्षे टाळ्यांच्या गजरात दाखवले जाते, त्या समाजात कोठडीतल्या आक्रोशाबद्दल चीड उत्पन्न होण्यास वेळ लागतो, हे नाकारता येईल काय?

साक्षीपुराव्याच्या बाबतीत तर पडद्याने सगळेच उलटे करून ठेवले आहे. मालिकेतील गुप्तहेर साक्षीदाराच्या बोलण्यातील एक लहानशी तफावत पकडतो आणि तिथेच गुन्ह्याचा उलगडा होतो. न्यायालयाचा अनुभव निराळा आहे. माणसाची स्मृती म्हणजे पुन्हा लावून पाहता येणारी चित्रफीत नव्हे, म्हणून किरकोळ विसंगतींना अवास्तव महत्त्व देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये भोगिनभाई हिरजीभाई प्रकरणात म्हटले. उलट चार साक्षीदार शब्दाला शब्द जुळवून बोलू लागले तर ते पढवलेले आहेत की काय, अशी शंका अनुभवी न्यायाधीशास येते. पडद्यावर सांधा चुकला तर ती चूक ठरते. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात सगळेच सांधे चपखल बसले तर संशय येतो.

यंत्राच्या साक्षीलाही हिशेब द्यावा लागतो. टोलनाक्यावरील कॅमेऱ्याने गाडी टिपली की मालिकेत प्रश्न मिटतो. खऱ्या खटल्यात त्या चित्रणासोबत विहित प्रमाणपत्र जोडावे लागते; हा दंडक २०२० मध्ये ज्या अर्जुन खोतकर प्रकरणात पक्का झाला, ते जालन्याच्या निवडणुकीतून निघालेले होते. निकाल मराठवाड्यातला, तरी मराठवाड्यातल्या किती प्रेक्षकांना तो ठाऊक असेल?

तपासाची खरी रीत दाखवली तर मालिका कंटाळवाणी होईल, हा निर्मात्यांचा ठेवणीतला बचाव आहे. तो पटण्याजोगा नाही. ‘सीआयडी’चे जनक बी. पी. सिंग यांनीच, शिवाजी साटम यांना घेऊन, मुंबई दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका केली होती. पोलिसांचे साधे, पायपिटीचे काम तिने दाखवले आणि मराठी घरांनी ती आवडीने पाहिली. मोहोरबंद पाकीट उघडले गेले आहे की काय, पंच फितूर होणार की टिकणार, प्रयोगशाळेचा अहवाल मुदतीत येणार की आरोपी जामिनावर सुटणार, यात नाट्य नाही असे म्हणणाऱ्याने जिल्हा न्यायालयात एक दिवस बसून पाहावे. दार लाथेने तोडण्यात जेवढे नाट्य आहे, त्याहून अधिक नाट्य दार ठोठावून, पंचांना सोबत घेऊन आत शिरण्यात आहे. फक्त ते लिहिणाऱ्याला कायदा वाचावा लागतो आणि चित्रीकरणाच्या आदल्या रात्रीऐवजी महिनाभर आधी लिहावयास बसावे लागते.

तुळजापूर प्रकरणाचा खटला उभा राहील तेव्हा पुड्यांची मोहोर, झडतीची वेळ, पंचांच्या सह्या आणि अंगझडतीपूर्वी उच्चारलेली दोन वाक्ये यांवर बचाव पक्षाचे वकील तासन् तास उलटतपासणी घेतील. मालिका पाहणाऱ्या चाणाक्ष प्रेक्षकाप्रमाणेच तेही निसटलेले सांधे शोधत असतील, आणि तो त्यांचा हक्कच आहे. त्या दिवशी तामलवाडीचा एखादा पंच पिंजऱ्यात उभा असेल. आपण कशावर सही केली, हे त्याला तेव्हा सांगता आले पाहिजे.