सनद आणि सवलत

परकीय भांडवल यावे अशी इच्छा असेल तर सरकारने जमीन स्वस्त द्यावी, कर सोडावा, वीज सवलतीत पुरवावी आणि मग मुकाट्याने बाजूला व्हावे, हे मत हल्ली इतके रूढ झाले आहे की त्याविषयी शंका काढणारा मनुष्य विकासाचा वैरी ठरतो. 2025 च्या जानेवारीत दावोस येथे महाराष्ट्र सरकारने पंधरा लाख कोटी रुपयांहून अधिक रकमेचे सामंजस्य करार केले. त्या आकड्याने मुंबईत जो हर्ष झाला तो खोटा नव्हता, आणि परकीय गुंतवणूक खेचण्यात हे राज्य देशात अग्रेसर आहे हेही निर्विवाद आहे. परंतु गोंदिया जिल्ह्यातील देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगाव या तहसिलींत बसून तो आकडा वाचणाऱ्याला एक साधा प्रश्न पडतो, आणि त्याचे उत्तर कोणत्याही समारंभात मिळत नाही: यातले आमच्या वाट्याला काय, आणि ते कोणत्या अटींवर?

पूर्वपक्ष प्रथम त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. सवलतवादी म्हणतात की भांडवल हे निराधार नसून स्वैर आहे. आपण दिले नाही तर गुजरात देईल, छत्तीसगड देईल, व्हिएतनाम देईल. 2022 साली वेदांत-फॉक्सकॉनचा 1 लाख 54 हजार कोटींचा प्रकल्प गुजरातेत गेला तेव्हा महाराष्ट्रभर जो आक्रोश झाला तो याच युक्तिवादाच्या पोटी. पण पुढच्याच वर्षी फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतले. ज्याच्या जाण्याने आपण रडलो ते ज्याच्या घरी गेले त्याच्याकडेही टिकले नाही! मग स्पर्धा नेमकी कशाची चालली होती? कारखान्याची, की कराराच्या बातमीची?

सवलतींचा इतिहासही नवा नाही. सामूहिक प्रोत्साहन योजना या राज्यात 1964 पासून, नावे व मसुदे बदलत, चालू आहे. तालुक्यांची अ पासून ड+ पर्यंत प्रतवारी लावायची आणि जो जितका मागास त्याला तितकी सवलत अधिक, हे तिचे सूत्र; आणि 1999 साली भंडाऱ्यापासून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा त्या उतरंडीच्या तळाशीच राहिला आहे. 2016 साली विदर्भ-मराठवाड्याच्या उद्योगांना वीजदरात खास सूट मिळाली तीही याच न्यायाने. वर्षानुवर्षे सर्वाधिक सवलतीस पात्र असणे आणि वर्षानुवर्षे सवलतीस पात्रच राहणे या दोन गोष्टी एकाच वेळी घडत असतील, तर औषधाची मात्रा वाढविण्यापूर्वी निदान तपासले पाहिजे.

आता या जिल्ह्यात परकीय भांडवल खरोखर कशाने आले ते पाहू. कामठ्याजवळच्या बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी एक धावपट्टी बांधली. युद्ध संपले आणि ती अनेक वर्षे जवळजवळ निरुपयोगी पडून राहिली. पुढे भारतीय विमानतळ प्राधिकरणाने ती हाती घेतली, वाढविली, पक्की केली. आणि मग कॅनडातील सीएई या कंपनीने प्राधिकरणाच्या भागीदारीत तेथे वैमानिक-प्रशिक्षणाची राष्ट्रीय संस्था उभारली. वैमानिक घडवायला लांब धावपट्टी लागते आणि गर्दी नसलेले आकाश लागते; धावपट्टी सार्वजनिक पैशाने सिद्ध झाली होती आणि आकाश गोंदियाचे होतेच. माझ्या मते जगाच्या दुसऱ्या टोकाच्या कंपनीला येथे ओढणारी खरी गोष्ट ही, प्रतवारीच्या कोष्टकातील अक्षर नव्हे. पण याच बिरसीची दुसरी बाजू सांगितली नाही तर तो अप्रामाणिकपणा होईल. विमानतळाच्या विस्तारात ज्या कुटुंबांची घरे-जमिनी गेल्या त्यांच्या पुनर्वसनाचे दप्तर वर्षानुवर्षे रेंगाळले. परक्याला जी तत्परता मिळते ती घरच्याला मिळत नाही, हे दृश्य ज्या गावाने पाहिले त्याच्याकडे पुढचा प्रकल्प घेऊन जाणाऱ्या अधिकाऱ्याने स्वागताची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

येथे दुसरा पक्ष आवेशाने उठतो आणि म्हणतो, म्हणूनच परकीय भांडवल नको, दाभोळ आठवा. दाभोळ मला चांगले आठवते. 1992 साली दाभोळच्या वीजप्रकल्पासाठी टेक्ससच्या एन्रॉन कंपनीशी समजुतीचा करार, 1993 साली वीजखरेदीचा करारनामा, 1995 साली तो रद्द, 1996 साली नव्या अटींवर पुन्हा मान्य, 2001 साली प्रकल्प बंद. हे अनर्थाचे चक्र खरेच आहे. परंतु त्याचे मूळ कंपनीच्या परकेपणात शोधणारे चुकतात. ते स्पर्धेविना आणि गुप्ततेत ठरलेल्या अटींत होते, मागणीच्या अवास्तव अंदाजात होते. पुरावा याच जिल्ह्यात आहे. तिरोड्याचे 3300 मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र अहमदाबादच्या, म्हणजे अस्सल देशी भांडवलाचे. त्याच्यासाठी चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा कोळसापट्टा आधी देण्यात आला आणि पुढे ताडोब्याच्या अरण्याच्या कारणाने तो मार्ग बंद झाला. अरण्य वाचले ते योग्यच झाले. पण ताडोबा काही पट्टा दिल्यानंतर तेथे उगवले नव्हते. या एका अविचारी दानातून जो वाद पेटला तो वीज नियामक आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि भरपाईचा बोजा शेवटी वीजग्राहकाच्या दरावर आला. भांडवल कॅनडाचे, टेक्ससचे की अहमदाबादचे हा प्रश्न गौण आहे. सरकारचा शब्द विचारपूर्वक दिलेला आणि पाळलेला आहे की नाही, हा मुख्य.

शब्दाच्या या चंचलतेचा सर्वांत मोठा दंड गोंदियाने आपल्या मुख्य धंद्यात भोगला आहे. हा धानाचा जिल्हा. धान भरडणाऱ्या गिरण्या हीच येथील जुनी उद्योगसंस्था. 2022 च्या सप्टेंबरात केंद्राने पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर वीस टक्के शुल्क बसविले, 2023 च्या जुलैत बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यातच बंद केली, ऑगस्टात उकड्या तांदळावर शुल्क लादले आणि 2024 च्या सप्टेंबरात बंदी उठविली. देशातील भाव आवरण्याचा हेतू मी नाकारत नाही. परंतु दोन वर्षांत चार हुकूम ज्या व्यवसायावर येतात त्यात नवी यंत्रे बसविण्यासाठी परदेशी सोडाच, आमगावचा सावकारसुद्धा पैसा घालण्यापूर्वी दहादा विचार करील. हावडा-मुंबई लोहमार्ग दारातून जातो, जबलपूरची अरुंद रूळवाट आता रुंद झाली आहे. माल नेण्याची सोय आहे, नियमाचा भरवसा नाही.

मग करावे काय? त्यासाठी विलायतेला जाण्याची आवश्यकता नाही. गोंड राजांच्या काळी या प्रदेशात बाहेरून आलेल्या कोहळी लोकांनी, परंपरा सांगते की थेट काशीकडून आलेल्यांनी, तलाव बांधले. नवेगावचा बांध कोलू पाटलाच्या नावाने आजही ओळखला जातो. त्या काळचा शिरस्ता असा होता की जो तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन सवलतीच्या साऱ्याने मिळे. या व्यवस्थेतला विवेक किती खोल आहे पाहा. परक्याला मज्जाव नव्हता, उलट त्याच्या कौशल्याला आमंत्रण होते. पण सवलत कामाच्या आधी नव्हे, कामाच्या नंतर होती, आणि कामाच्याच मापाने होती. जितके पाणी अडविले तितकीच जमीन. पाणी गावाचे झाले, मान बांधणाऱ्याचा झाला, आणि वाढलेल्या पिकातून राजाचा महसूलही वाढला. पुढे हे तलाव ज्यांच्या ताब्यात राहिले त्या मालगुजार जमीनदारांची मालगुजारी 1951 साली गेली, जे न्याय्य होते. पण तलाव सरकारजमा होऊन गाळाने भरत गेले, ही मात्र निव्वळ हेळसांड. आजही कागदोपत्री त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात. माजी झालेल्याचा आजी धनी कोण, हे ठरविण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही.

माझा पक्ष एवढाच आहे. परकीय भांडवल अवश्य यावे, त्याला सन्मानाने बोलवावे. पण सवलत नव्हे, सनद द्यावी. सवलत म्हणजे मागणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून दिलेली सूट. सनद म्हणजे दोन्ही बाजूंना बांधणारा, मुदतीचा, उघड दस्तऐवज, ज्यात किती रोजगार, कोणत्या गावच्या लोकांना, किती पाणी, किती भरपाई आणि काम न झाल्यास जमीन केव्हा परत, हे अक्षरशः लिहिलेले असते. भांडवलदार याला भितो असे मानणे ही त्याच्याविषयीची गैरसमजूत आहे. जो खरोखर कारखाना काढणार असतो त्याला निश्चिती हवी असते, आणि ज्याला निश्चिती नको असते तो कारखाना काढणार नसतो.

गोंदियाच्या आमदारांना व खासदारांना माझी विनंती आहे की या जिल्ह्यासंबंधीचा प्रत्येक करारनामा, परकीय असो वा देशी, त्यांनी मराठीत करवून घेऊन आठही तहसील कचेऱ्यांच्या दर्शनी फलकावर लावण्याचा आग्रह धरावा. आणि त्या फलकावरचा पहिला कागद बिरसीच्या विस्थापितांच्या पुनर्वसनाचा असावा.