मोकळे इनपुट आणि नापास कार्डे

वाचकांच्या पत्रांत सध्या एकच तक्रार आहे. स्विचिंग कार्डाच्या इनपुटला वायर नाही, तरी मीटर व्होल्ट दाखवतो. कारखान्याच्या तपासणी तक्त्यात मात्र ‘मोकळ्या इनपुटवर शून्य व्होल्ट’ असा रकाना आहे. शून्य आले नाही की कार्ड नापास, बिल अडकलेले. नवे कार्ड बसवले तर त्यावरही तेच व्होल्ट!

हा रकाना आखणाऱ्याने सर्किट पाहिलेलेच नाही. आत 5 व्होल्टचा पुल-अप असेल तर मोकळ्या इनपुटवर 5 व्होल्ट दिसायलाच हवेत. तिथे शून्य आले तर कार्ड बिघडले म्हणायचे. निरोगी कार्ड नापास आणि मेलेले पास, अशी ही तपासणी आहे. 230 व्होल्टच्या वायरीशेजारून लांबवर गेलेली मोकळी कोअर 10 मेगओहमच्या डिजिटल मीटरवर शंभराच्या घरात आकडा दाखवते, तोही कार्डाच्याच माथी मारतात.

मॉसफेटच्या गेटचे दुखणे याहून वाईट. ड्रेनवरचा व्होल्टेज आतल्या कपॅसिटन्समधून गेटवर उतरतो आणि त्याला निचऱ्याची वाट नसते. आयआरएफझेड४४एनचा थ्रेशोल्ड 2 ते 4 व्होल्ट. गेट त्या पट्ट्यात तरंगला की मॉसफेट अर्धवट चालू राहून तापतो. इनपुट कपॅसिटन्स सुमारे 1,500 पिकोफॅरड, म्हणजे मीटर लावताच 15 मिलिसेकंदांच्या टाइम कॉन्स्टंटने गेट रिकामा. लोड बंद पडतो, मीटर शून्य दाखवतो आणि जॉब कार्डावर ‘फॉल्ट नाही’ अशी नोंद होते. गेट-सोर्समधला काही पैशांचा रेझिस्टर वाचवणाऱ्या कार्ड उत्पादकांना याचा जाब विचारलाच पाहिजे.

पण मित्रांनो, आपल्यातले किती जण आकडा दिसताच थेट आयसी उपटतात? आधी इनपुट आणि ग्राउंडमध्ये 10 किलोओहम जोडा. व्होल्ट शून्यावर आले तर ते तरंगते होते. निम्मे झाले तर आत 10 किलोओहमचाच पुल-अप आहे. जागचे हललेच नाहीत तर मात्र ड्रेन-गेट फुटले आहे किंवा ड्रायव्हर शॉर्ट आहे. सोल्डरिंग गन तेव्हाच हातात घ्या. 230 व्होल्टच्या लाइनवर हा रेझिस्टर लावू नका, त्यात 5 वॅटहून जास्त उष्णता होते. तिथे लो-इम्पिडन्स मीटरच वापरा.

तपासणी विभागांनी तो रकाना आजच बदलावा. रीडिंग 10 किलोओहम लोडवर घ्यावे आणि अपेक्षित आकडा कार्डागणिक छापावा. तोवर दुरुस्त कार्ड पाठवताना टॅगवर दोन्ही रीडिंग लिहा, लोडशिवायचे आणि लोडसह. तरीही कार्ड नापास होऊन परत आले, तर टॅगची आणि शेऱ्याची प्रत आमच्याकडे पाठवा. आम्ही ती पुढच्या अंकात छापू.