स्फोटाच्या हादऱ्यात काचांपासून बचावासाठी निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
वसई-विरार शहर महानगरपालिका

विषय : औद्योगिक पट्ट्यालगतच्या इमारतींत सुरक्षित काचा बसवण्याबाबत.

महोदय,

२६ मे २०१६ रोजी डोंबिवली एमआयडीसीतील प्रोबेस कंपनीत स्फोट झाला. त्यात १२ जणांचा जीव गेला आणि आजूबाजूच्या वस्तीतल्या काचांचा चुरा झाला. २३ मे २०२४ रोजी तिथल्याच अमुदान केमिकल्सच्या स्फोटाने परिसरातल्या इमारतींच्या काचा पुन्हा फुटल्या. पालघर जिल्ह्यात तारापूरच्या मार्च २०१८ आणि जानेवारी २०२० मधील स्फोटांचे हादरेही दूरवर जाणवले.

वालीव, गोखिवरे, सातिवली येथे कारखान्यांचे गाळे आणि राहती घरे जवळजवळ आहेत. म्हणून रहिवासी हा प्रश्न आपल्यापुढे मांडत आहेत.

साधी काच फुटली की लांब, धारदार तुकडे खोलीत भिरकावले जातात. टफन्ड काचेचे बारीक खडे होतात. जखम कमी खोल होते, पण खडे उडतातच. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे काच तडकली तरी तुकडे त्यालाच चिकटून राहतात. मात्र स्लायडिंग खिडकीची ॲल्युमिनियमची चौकट तकलादू असेल, तर अख्खे तावदान निसटून आत येते.

स्फोटाआधी खिडकीशी उभे राहणेही घातक ठरते. कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात ६ डिसेंबर १९१७ रोजी पेटलेले जहाज पाहायला लोक खिडक्यांशी उभे राहिले. जहाजाचा स्फोट झाला आणि शेकडोंचे डोळे काचांनी जखमी झाले.

रहिवाशांच्या मागण्या अशा :

१. या पट्ट्यातील शाळा, अंगणवाड्या व रुग्णालयांच्या खिडक्यांची पाहणी अग्निशमन विभागाने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या मदतीने करावी आणि अहवाल जाहीर करावा.

२. महापालिकेच्या शाळा व रुग्णालयांत मजबूत चौकटींसह लॅमिनेटेड काचा बसवाव्यात. तोवर आतून सुरक्षा फिल्म लावून तिच्या कडा चौकटीला पक्क्या कराव्यात.

३. लॅमिनेटेड काच सहज फोडता येत नाही. आगीत धूर बाहेर जावा, माणसांना सुटता यावे, यासाठी खिडकीचा आणि ग्रीलचा काही भाग आतून उघडणारा असावा.

४. कारखान्यांलगतच्या नव्या इमारतींना आयएस २५५३ मानकाची लॅमिनेटेड काच सक्तीची व्हावी, यासाठी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत दुरुस्तीचा प्रस्ताव नगरविकास विभागाकडे पाठवावा.

५. आग किंवा लखलखाट दिसताच खिडकीपासून दूर जाण्याचा सराव शाळा व सोसायट्यांत दरवर्षी घ्यावा.

पाहणीचे वेळापत्रक लेखी कळवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
औद्योगिक पट्ट्यालगतचे रहिवासी

प्रत : मा. जिल्हाधिकारी, पालघर